जो बॉल फेकलाच गेला नाही, त्याचे पैसे कशाला?

२०२५ च्या जुलैत न्यूयॉर्क जेट्स या अमेरिकन फुटबॉलच्या संघानं अहमद ‘सॉस’ गार्डनरशी चार वर्षांचा वाढीव करार केला. रक्कम १२ कोटी ४ लाख डॉलर, म्हणजे वर्षाला ३ कोटी डॉलरच्या वर. गार्डनर कॉर्नरबॅक आहे. समोरच्यांचा पास होऊ न देणं हे त्याचं काम. त्याआधीच्या तीन मोसमांत मिळून त्यानं समोरच्यांचे किती पास हवेतून हिसकावले होते? तीन. २०२३ च्या अख्ख्या मोसमात तर एकही नाही, आणि त्याच वर्षी ‘ऑल-प्रो’ म्हणजे एनएफएल या लीगमधल्या सर्वोत्तमांच्या पहिल्या यादीत त्याचं नाव होतं. पुढं नोव्हेंबरात इंडियानापोलिस कोल्ट्सनं त्याला घ्यायला नव्या खेळाडूंच्या निवडीतले पहिल्या फेरीचे दोन हक्क आणि वर एक खेळाडू जेट्सला देऊन टाकला.

न्यू जर्सीत किंवा डॅलसमध्ये स्थायिक झालेला, मुलांच्या आग्रहापायी अमेरिकन फुटबॉल बघायला लागलेला मराठी माणूस इथं हमखास अडतो. क्वार्टरबॅकला पैसे का मिळतात ते दिसतं. पळणाऱ्याला, झेलणाऱ्याला का मिळतात तेही दिसतं. पण तीन तास कडेला पळत राहायचं, बॉल जवळपास फिरकतही नाही, आणि त्याचे एवढे पैसे?

गार्डनरला निदान पैसा आणि नाव दोन्ही मिळालं. हे कोडं सोडवायला मी दुसराच माणूस घेतो, ज्याला दोन्ही बेतानंच मिळालं: डेन्व्हर ब्रॉन्कोसचा ख्रिस हॅरिस ज्युनियर. माझ्या मते गेल्या दशकातल्या सगळ्यात मोठ्या विजेतेपदांपैकी एकाचा पाया त्यानं घातला, आणि सामान्य प्रेक्षकाला त्याचं नाव आजही आठवत नाही.

आधी मैदानाची ओळख

दोन्हीकडून अकरा-अकरा खेळाडू. बॉल ज्यांच्याकडे आहे त्यांना चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढं जायचं असतं. गेले, तर आणखी चार प्रयत्न मिळतात. नाही गेले, तर बॉल समोरच्यांकडे. पुढं जायचे मार्ग दोनच: बॉल घेऊन पळा, नाहीतर पुढं फेका. फेकणारा क्वार्टरबॅक, झेलायला पळणारे रिसीव्हर. रिसीव्हरच्या अंगाला चिकटून राहणारा बचावपटू म्हणजे कॉर्नरबॅक. पुढं नुसतं कॉर्नर म्हणू. त्यांच्याही मागं, कोणी निसटलाच तर सावरून घ्यायला, दोन सेफ्टी उभे असतात. आणि समोरची भिंत फोडून क्वार्टरबॅकच्या अंगावर धावून जाणारे दांडगे गडी असतात, त्यांना आपण धावणारे म्हणू. त्यांनी क्वार्टरबॅकला बॉलसकट आडवा केला की तो सॅक. पास बचावपटूनंच झेलला की इंटरसेप्शन.

क्वार्टरबॅकच्या हातात बॉल आल्यापासून तो फेकेपर्यंत साधारण अडीच-तीन सेकंद जातात. हा सगळा लेख त्या अडीच-तीन सेकंदांबद्दल आहे.

कॉर्नरचं काम अवघड का, तर रिसीव्हरला कुठं वळायचंय ते आधीच ठाऊक असतं आणि कॉर्नरला नसतं. एक तोंड पुढं करून पळतो, दुसरा सुरुवातीला उलटा पळतो. त्यात १९७८ पासून नियमही रिसीव्हरच्या बाजूचा आहे. पिट्सबर्ग स्टीलर्सचा मेल ब्लाउंट हा कॉर्नर रिसीव्हरना वाटेत इतकं ढकलायचा, दाबायचा, की लीगनं सुरुवातीच्या पाच यार्डांपलीकडे धक्काबुक्कीला बंदीच घातली. २००४ पासून पंच हा नियम आणखी कडकपणे लावू लागले. बॉल हवेत असताना कॉर्नरनं रिसीव्हरला अडवलं, तर जिथं अडवलं तिथंच बॉल ठेवला जातो. चाळीस यार्ड पुढं अडवलं असेल, तर एका शिट्टीत चाळीस यार्ड गेले.

थोडक्यात, हात न लावता, आधी ठाऊक नसलेल्या दिशेनं, उलटं पळत, आपल्याइतक्याच वेगवान माणसाला सोडायचं नाही. आणि हे एका सामन्यात तीस-चाळीस वेळा.

रिकामा रकाना

आता हिशोबाची गोम. क्वार्टरबॅक बॉल हातात आला की डावी-उजवीकडे बघतो. पहिला रिसीव्हर मोकळा आहे का? नाही. दुसरा? कॉर्नरनं आपलं काम चोख केलं असेल तर क्वार्टरबॅकची नजर त्याच्यावरून पुढं सरकते. बॉल दुसरीकडे जातो. कॉर्नरच्या नावापुढं काहीच लिहिलं जात नाही.

क्रिकेट बघणाऱ्याला हे फार समजवायला नको. पॉइंटला जडेजा उभा असला की फलंदाज तिकडे हळूच ढकलून चोरटी एक धाव घ्यायचा विचारच सोडून देतो. रनआउट झाला तर त्याची नोंद होते; जी धाव घेतलीच नाही तिची नोंद कुठल्याच स्कोअरबुकात होत नाही.

फुटबॉलमधलं याचं सगळ्यात बोलकं उदाहरण ओकलंड रेडर्सचा नामदी असोमुआ. २००६ मध्ये त्याची आठ इंटरसेप्शन झाली. २००७ मध्ये एक. खेळ बिघडला म्हणून नव्हे. क्वार्टरबॅकनी त्याच्या बाजूला बॉल फेकायचाच बंद केला म्हणून. रकाना ओस पडला आणि माणसाचा भाव वाढला. याच्या उलट डॅलस काउबॉइजचा ट्रेव्हॉन डिग्ज. २०२१ मध्ये त्यानं तब्बल ११ इंटरसेप्शन केली, वाहवा झाली, पण त्याच मोसमात त्याच्या अंगावरून समोरच्यांनी हजारेक यार्डही काढले. तो जुगार खेळायचा. लागला तर जॅकपॉट, नाही लागला तर रिसीव्हर मोकळा सुटलेला. डिग्ज वाईट होता असं मी म्हणत नाही. पण इंटरसेप्शनच्या आकड्यावरून कॉर्नर जोखणं म्हणजे अर्धंच पान वाचणं.

मग हा हॅरिस कोण?

अमेरिकेत कॉलेजातून येणाऱ्या खेळाडूंची दरवर्षी वाटणी होते, तिला ड्राफ्ट म्हणतात. संघ आळीपाळीनं एकेक नाव पुकारतात. २०११ च्या ड्राफ्टमध्ये सात फेऱ्यांत २५४ नावं पुकारली गेली. डेन्व्हरनं अख्ख्या देशातून दुसऱ्याच क्रमांकाला व्हॉन मिलर घेतला, तो धावणारा. कॅन्सस विद्यापीठातून आलेल्या ख्रिस हॅरिसचं नाव २५४ मध्ये कुठंच नव्हतं. उंची ५ फूट १० इंच, कॉर्नरसाठी बुटकाच. त्या वर्षी मालक आणि खेळाडूंच्या भांडणात लीगला टाळं लागलेलं, त्यामुळं न निवडलेल्यांना जुलैच्या अखेरीपर्यंत कुणाशी करारही करता येईना. अखेर डेन्व्हरनं त्याला सहीचे म्हणून दोन हजार डॉलर दिले. हो, दोन हजारच. पुढचे शून्य गळलेले नाहीत.

पहिल्याच वर्षी तो नियमित मैदानात दिसू लागला. पुढच्या वर्षी, डिसेंबर २०१२ मध्ये, बाल्टिमोर रेव्हन्स डेन्व्हरच्या गोलरेषेपाशी येऊन ठेपले होते, हाफटाइम तोंडावर आला होता. हॅरिसनं जो फ्लॅकोचा पास हिसकावला आणि ९८ यार्ड पळत थेट टचडाउन केलं, म्हणजे बॉल समोरच्यांच्या गोलरेषेपार नेला. या खेळात ‘दिसण्यासारखं’ म्हणतात ते असं. पण असे क्षण त्याच्या कारकिर्दीत मोजकेच. सगळी मिळून वीस-बावीस इंटरसेप्शन, एवढ्या वर्षांत. त्याची खरी किंमत दुसरीकडेच होती.

स्लॉट: कडा नसलेली जागा

रिसीव्हर दोन ठिकाणी उभे राहतात. काही अगदी बाहेर, मैदानाच्या सीमारेषेजवळ. काही त्यांच्या आत, बाहेरचा रिसीव्हर आणि मधली भिंत यांच्यामधल्या फटीत. या फटीला स्लॉट म्हणतात.

बाहेरच्या कॉर्नरला एक फुकटचा मदतनीस असतो: सीमारेषा. रिसीव्हर तिच्यापलीकडे जाऊच शकत नाही, त्यामुळं अर्ध्या दिशा आपोआप बंद. सिॲटलच्या रिचर्ड शर्मनसारखा लांब हातांचा कॉर्नर रिसीव्हरला त्या रेषेकडे रेटत नेऊन कोंडायचा. स्लॉटमध्ये ही सोय नाही. समोरचा डावीकडे जाईल, उजवीकडे जाईल, सरळ जाईल, किंवा सहा यार्ड पळून गपकन थांबेल आणि तुमच्याकडे तोंड करून उभा राहील.

न्यू इंग्लंड पॅट्रिअट्सनी या जागेचं शास्त्रच बनवलं होतं. आधी वेस वेल्कर, मग ज्युलियन एडलमन. समजा तिसरा प्रयत्न आहे आणि सहा यार्ड हवे आहेत. एडलमन पाच-सहा पावलं सरळ येतो. कॉर्नरचा भार कुठल्या पायावर आहे ते बघतो. आतल्या पायावर असला की बाहेर वळतो, बाहेरच्या असला की आत. त्यांचा क्वार्टरबॅक टॉम ब्रेडीही मागून तेच बघत असतो, म्हणून बॉल एडलमन वळायच्या आधीच हातातून सुटलेला असतो. तुम्ही कुठंही उभे राहा, ते चूकच, कारण तुम्ही कुठं उभे आहात त्यावरूनच उत्तर ठरणार आहे.

यावर हॅरिसचा उतारा पाहायला मोठा आनंद होता, आणि तो टीव्हीवर जवळजवळ दिसतच नाही. तो रिसीव्हरच्या डोक्याकडे, खांद्यांकडे, हातांकडे बघायचा नाही. सगळे हेलकावे तिथंच असतात. नजर कंबरेवर. कंबर वळल्याशिवाय माणूस वळू शकत नाही. पावलं छोटी, वजन दोन्ही पायांवर सारखं, पहिल्या हुलकावणीला हलायचं नाही. समोरच्याला आधी निर्णय घ्यायला लावायचा. अर्ध्या सेकंदाचा हा संयम; त्यात ब्रेडीचं घड्याळ पुढं सरकतं, आणि मिलर एक पाऊल जवळ येतो.

शिवाय स्लॉटवाला भिंतीच्या जवळ उभा असल्यामुळं समोरचे पळायचा डाव खेळले की त्यालाच आधी जाऊन भिडावं लागतं, आणि तेही आपल्यापेक्षा पन्नास-साठ किलोनं जड माणसांच्या गर्दीत. कधी स्वतःच क्वार्टरबॅकवर धावून जायचं. बाहेरचे कित्येक नामांकित कॉर्नर या कामाला नाकं मुरडतात. हॅरिस नाही.

१२ जानेवारी २०१४

एखाद्या माणसाचं काम दिसत नसेल तर ते मोजायचा एक क्रूर उपाय आहे: तो गेल्यावर काय होतं ते बघा.

बाद फेरीत डेन्व्हर विरुद्ध सॅन डिएगो चार्जर्स. सामन्याच्या चारपैकी तीन क्वार्टर संपले तेव्हा डेन्व्हर १७-० नं पुढं. चार्जर्सचा फिलिप रिव्हर्स चांगला क्वार्टरबॅक, पण त्याला कुणी मोकळं सापडत नव्हतं. तिसऱ्या क्वार्टरमध्ये हॅरिसचा गुडघा गेला. त्याच्या जागी आला क्वेंटिन जॅमर, कारकिर्दीच्या शेवटाला आलेला, आणि त्याआधी अकरा मोसम चार्जर्सकडेच खेळलेला. त्याच्या पायांत आता किती वेग उरलाय हे रिव्हर्सला दुसऱ्या कुणी सांगायची गरज नव्हती.

रिव्हर्सनं बॉल तिकडे फेकायला सुरुवात केली. कीनन ॲलन हा तेव्हा नवखा रिसीव्हर. चौथ्या क्वार्टरमध्ये त्याची दोन टचडाउन झाली. तीन क्वार्टर शून्यावर अडलेल्या संघानं शेवटच्या पंधरा मिनिटांत १७ गुण काढले. डेन्व्हर २४-१७ नं कसाबसा निभावला, तोही त्यांचा क्वार्टरबॅक पेटन मॅनिंग यानं मोक्याच्या क्षणी एक लांब पास जुळवला म्हणून.

मैदानावरच्या अकरांपैकी दहा तेच होते. समोरचा क्वार्टरबॅक तोच. बदलला एक माणूस, आणि तोही असा, की आधीच्या तीन क्वार्टरांत समालोचकांनी त्याचं नाव फारसं घेतलंही नसेल.

तीन आठवड्यांनी डेन्व्हर सुपर बोलमध्ये, म्हणजे लीगच्या अंतिम सामन्यात, सिॲटलकडून ४३-८ असा धुऊन निघाला. हॅरिस कुबड्यांवर. पण तो असता तर जिंकलो असतो, हे काही डेन्व्हरवाल्यांचं म्हणणं मला पटत नाही. त्या रात्री डेन्व्हरच्या आक्रमणानं पहिल्याच चालीत गुण बहाल केले आणि पुढं बॉल वाटत सुटले. एका कॉर्नरनं ते थांबलं नसतं. कौतुकालाही हद्द हवी.

एकानं सांभाळलं की बाकीचे मोकळे

आता मूळ मुद्दा, आणि माझ्या मते बहुतेक चर्चा इथंच कमी पडते. कॉर्नरची किंमत त्यानं अडवलेल्या रिसीव्हरएवढी नसते. त्याच्यामुळं बाकीच्यांना काय करता येतं, त्याएवढी असते.

बचावाचा अधिकारी, म्हणजे डिफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर, याच्याकडे माणसं अकराच. स्लॉटमधला रिसीव्हर एकट्या कॉर्नरला जड जात असेल तर त्याला मदतीला एक सेफ्टी द्यावा लागतो. म्हणजे एका रिसीव्हरवर दोन माणसं खर्ची पडली, दुसरीकडे कुठंतरी एक कमी झाला. क्वार्टरबॅक ती उणी जागा शोधतो. त्याला पैसे त्याचेच मिळतात. उलट कॉर्नर एकटा पुरेसा असेल तर तो सेफ्टी मोकळा. त्याला मागं खोल ठेवा, पळणाऱ्यावर सोडा, किंवा क्वार्टरबॅकवरच धाडा.

२०१५ मध्ये डेन्व्हरला वेड फिलिप्स हा कोऑर्डिनेटर मिळाला. बाहेर अकीब तालिब आणि ब्रॅडली रोबी, आत हॅरिस, मागं टी. जे. वॉर्ड आणि डेरियन स्टुअर्ट. फिलिप्सनं सरळ सांगून टाकलं म्हणा ना: तुमचा तुमचा माणूस धरा, मी बाकीचे मिलर आणि डिमार्कस वेअरबरोबर सोडतो. या टोळीला ‘नो फ्लाय झोन’ नाव पडलं. त्या मोसमात समोरच्यांना सगळ्यात कमी यार्ड देणारा संघ डेन्व्हर, पासवर सगळ्यात कमी देणाराही डेन्व्हर, आणि सर्वाधिक ५२ सॅकही त्यांचेच.

आणि हे त्यांना करावंच लागलं. मॅनिंग तोपर्यंत थकला होता. त्या मोसमात त्याचे टचडाउन पास ९ आणि इंटरसेप्शन १७. ओकलंडविरुद्ध डेन्व्हरच्या आक्रमणाला एकही टचडाउन करता आलं नाही. चौथ्या क्वार्टरमध्ये हॅरिसनं डेरेक कारचा पास पकडून ७४ यार्ड पळत टचडाउन केलं, सामना १६-१० असा जिंकला.

७ फेब्रुवारी २०१६ ला सुपर बोल ५० सांता क्लाराच्या लिव्हाइज स्टेडियममध्ये झाला, म्हणजे बे एरियातल्या कित्येक मराठी घरांपासून अर्ध्या तासावर. कॅरोलिना पँथर्सनी मोसमात १६ पैकी १५ सामने जिंकले होते. त्यांचा कॅम न्यूटन ४१ पैकी १८ पास पूर्ण करू शकला. डेन्व्हर २४-१०. सामनावीर मिलर, आणि योग्यच: अडीच सॅक, दोनदा न्यूटनच्या हातून बॉल उडवला. त्या उन्हाळ्यात मिलरला सहा वर्षांचा ११ कोटी ४५ लाखांचा करार मिळाला.

मग श्रेय मिलरचंच ना?

हा आक्षेप रास्त आहे. क्वार्टरबॅकला दोन सेकंदही मिळत नसतील तर कुठलाही कॉर्नर देखणा दिसेल. मिलर-वेअर असताना कॉर्नरला तीन सेकंदांऐवजी दोनच सांभाळावे लागतात.

पण उलटंही तितकंच खरं आहे. न्यूटनची पहिली नजर मोकळ्या माणसावर पडली असती तर मिलर पोचायच्या आत बॉल गेला असता. बॉल हातात धरून ठेवायला न्यूटनला भाग कुणी पाडलं? मिलरनं शेवटचं पाऊल टाकलं, ते टाकायला वेळ मागच्यांनी काढून दिला. कुणाचं किती, याची काटेकोर वाटणी होत नाही.

एक उदाहरण मात्र फार बोलकं आहे, आणि ते हरलेल्या संघाचं. कॅरोलिनाचा कॉर्नर जॉश नॉर्मन त्या वर्षी लीगमधल्या सर्वोत्तमांपैकी एक. सुपर बोलनंतर अडीच महिन्यांत कॅरोलिनानं त्याच्याशी मोठा करार करायचं टाळलं आणि त्याला सोडून दिलं. वॉशिंग्टननं पाच वर्षांसाठी साडेसात कोटी देऊन उचललं. कॅरोलिनाचा हिशोब असा, की पुढचे धावणारे आपले दमदार आहेत, मागं नवी पोरं चालतील. २ ऑक्टोबर २०१६ ला अटलांटाच्या मॅट रायननं त्यांच्याविरुद्ध ५०३ यार्डांचे पास फेकले. एकट्या हुलिओ जोन्सनं त्यातले ३०० यार्ड काढले. त्या दिवशी सर्वाधिक मार खाल्लेल्या कॉर्नरला कॅरोलिनानं त्याच आठवड्यात संघातून काढलं. १५-१ असलेला संघ त्या वर्षी ६-१० वर आला. गंमत म्हणजे त्यांचे सॅक कमी झाले नव्हते, आदल्या वर्षीपेक्षा थोडे वाढलेच होते. पुढची भिंत तीच, धडक तीच, मागं माणूस नाही.

दुखापतींसारखी इतरही कारणं होती, हे मान्य. आणि वॉशिंग्टनला जाऊन नॉर्मन पुन्हा पहिल्यासारखा चमकला नाही, हेही. कॉर्नर आणि त्याच्याभोवतीचा संघ एकमेकांना घडवतात. त्यामुळं कॉर्नर विकत घेणं जोखमीचं असतं. त्याला काही किंमतच नाही, हा निष्कर्ष मात्र त्यातून निघत नाही.

अँटोनियो ब्राउननं तर हॅरिसला धुतलं होतं!

धुतलंच. २० डिसेंबर २०१५, पिट्सबर्ग. ब्राउननं १६ झेल घेतले, १८९ यार्ड, दोन टचडाउन. त्यातलं बरंचसं हॅरिसच्या अंगावरून. स्टीलर्स ३४-२७ नं जिंकले. आदल्या, म्हणजे २०१४ च्या पूर्ण मोसमात हॅरिसवर एकही टचडाउन पास झाला नव्हता, म्हणून ती संध्याकाळ जास्तच उठून दिसली.

कॉर्नरचं हेच दुखणं आहे. नव्वद वेळा चोख काम केलं तर कॅमेरा तिकडे वळत नाही. एकदा निसटला की बॉल तिथंच येतो, कॅमेरा तिथंच येतो, आणि तोच तुकडा आठवडाभर फिरतो. डेन्व्हरचाच रहीम मूर हा सेफ्टी बघा. जानेवारी २०१३, बाल्टिमोरविरुद्ध बाद फेरी, अर्धं मिनिट उरलेलं. एका उंच बॉलचा त्याचा अंदाज चुकला, ७० यार्डांचं टचडाउन झालं, डेन्व्हर पुढं जादा वेळेत हरला. मूरचं नाव काढलं की आजही लोकांना दुसरं काही आठवत नाही. हे या जागांवरचं भाडं आहे, दुसरं काय.

आणि ब्राउनसारखा रिसीव्हर, बेन रॉथलिसबर्गरसारखा क्वार्टरबॅक, दोघं ऐन भरात असतील तर जगातला कुठलाही कॉर्नर मार खाईल. नियमच तसे केलेत. प्रश्न एवढाच, की किती वेळा.

आता तर सगळं मोजतात, मग मतभेद का?

मोजतात, खरंय. कॉर्नरच्या दिशेनं किती पास गेले, किती पूर्ण झाले, किती यार्ड, किती टचडाउन. या आकड्यांनी हॅरिसची किंमत दाखवून दिली हेही खरं. नुसत्या इंटरसेप्शनवर तो कधीच उठून दिसला नसता. पण त्यात एक भोक आहे. एखादा रिसीव्हर मोकळा सुटला, तर तो कुणाचा होता? कॉर्नरचा, की सेफ्टीनं आतली बाजू धरायची होती? हे चाल ठरवणाऱ्या खोलीत बसलेल्यांनाच ठाऊक. बाहेरचा मोजणारा अंदाज करतो. शिवाय वर्षभरात एका कॉर्नरकडे साधारण ऐंशी-शंभर पास येतात. त्यातले पाच-सहा इकडचे तिकडे झाले की आकडा पार बदलतो. म्हणून एका वर्षाच्या आकड्यावर कुणाला देव किंवा दगड ठरवू नये. हॅरिसचं वेगळेपण असं, की तो वर्षानुवर्षं तसाच राहिला. गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली त्याच वर्षी सप्टेंबरच्या पहिल्या सामन्याला तो हजर होता.

आणि टीव्ही? टीव्हीचा कॅमेरा बॉलच्या मागं जातो. चाल सुरू झाली की कॉर्नर चौकटीबाहेर. बावीसच्या बावीस जण दिसतील असं वरून घेतलेलं चित्रण २०१२ पासून लीग पैसे घेऊन सामान्य प्रेक्षकांनाही देते. तिसरा प्रयत्न, पाच ते आठ यार्ड हवेत, अशा चाली त्यात निवडून बघा. क्वार्टरबॅककडे बघूच नका. आतल्या रिसीव्हरसमोरचा माणूस धरा. तो पहिल्या दोन पावलांत हलला की नाही, एवढं पाहिलं तरी निम्मं काम झालं.

मग हॅरिसला कमी पैसे का मिळाले?

२०१४ हे कॉर्नरच्या पैशांचं वर्ष होतं. शर्मनला चार वर्षांचे ५ कोटी ६० लाख, ॲरिझोनाच्या पॅट्रिक पीटरसनला पाच वर्षांचे ७ कोटी. दोघंही वर्षाला १ कोटी ४० लाखांवर. त्याच डिसेंबरात हॅरिसनं सही केली: पाच वर्षं, ४ कोटी २५ लाख. वर्षाला ८५ लाख. पुढं दशकाचा सर्वोत्तम संघ निवडला गेला तेव्हा पीटरसन आणि शर्मनबरोबर हॅरिसही त्यात होता. म्हणजे डेन्व्हरला तोच माल साठ टक्के भावात मिळाला. उरलेल्या पैशांत धावणारे सांभाळता आले, कारण लीगमध्ये प्रत्येक संघाच्या एकूण पगारावर मर्यादा असते. एकाकडे वाचलेला डॉलर दुसऱ्याच्या खिशात जातो.

एक कारण स्वभावाचं: ड्राफ्टमध्ये वगळलेला, गुडघ्यातून नुकताच उठलेला माणूस हमखास मिळणारे पैसे आधी घेतो. मी त्याच्या जागी असतो तर मीही घेतले असते. दुसरं कारण जुन्या सवयीचं. स्लॉटवाला हा पूर्वी ‘तिसरा कॉर्नर’ मानला जाई. समोरच्यांनी तीन रिसीव्हर उतरवले तरच याला मैदानात बोलवायचं, नाहीतर बाकावर. खेळ बदलला, आता निम्म्याहून जास्त चालींत तीन रिसीव्हर असतात आणि तिसरा कॉर्नर हा पूर्णवेळचा खेळाडू झालाय. पगाराचे तक्ते मात्र त्या बदलामागून रखडत आलेत. प्रतिष्ठेचंही तेच. टँपा बेच्या रोंडे बार्बरनं स्लॉटची जागा जवळजवळ नव्यानं घडवली, त्याच्या नावावर ४७ इंटरसेप्शन आणि २८ सॅक आहेत, तरी हॉल ऑफ फेमचं, म्हणजे थोर खेळाडूंच्या मानाच्या दालनाचं, दार त्याला पहिल्या वर्षी उघडलं नाही. २०१८ पासून पात्र असलेला माणूस २०२३ मध्ये आत गेला. हॅरिसकडे त्याच्या निम्मीही इंटरसेप्शन नाहीत. त्याची वाट आणखी लांबची दिसते.

बाजार हळूहळू शिकतोय. २०२४ मध्ये बफेलोनं टॅरॉन जॉन्सन या स्लॉटवाल्याला वर्षाला १ कोटीच्या थोडं वर दिलं, २०२५ मध्ये शिकागोनं काइलर गॉर्डनला तीन वर्षांचे ४ कोटी. वर्षाला १ कोटी ३३ लाख. त्याच उन्हाळ्यात बाहेरच्या बाजूला खेळणाऱ्या गार्डनरला वर्षाला ३ कोटी मिळाले. दोन्ही कामांत दुपटीहून जास्तीचा फरक आहे, असं त्या जानेवारीतल्या दुपारी जॅमरकडे बॉल फेकत सुटलेल्या रिव्हर्सला कुणी सांगून पाहावं.